लख्ख केलेली चिल्लर

डब्याचं झाकण उघडलं आणि मी आधी हसले. शाळेतून आले होते, दप्तर पलंगावर फेकलं होतं, रविवारच्या प्रदर्शनासाठी आज चिठ्ठ्या लिहायच्या म्हणून कपाटातून आईचा चिल्लरचा डबा काढला, झाकणाला नख लावलं, आणि आत दिवाळी. सगळी नाणी लख्ख. तांब्याची तांबडीलाल, पितळेची पिवळीधमक, अ‍ॅल्युमिनियमची तर चांदीच, आणि प्रत्येकात माझं एकेक तोंड, लहानसं, वाकडं, दोन वेण्यांचं. खिडकीतून उन्हाची तिरीप डब्यात पडली तर छतावर उजेडाचे ठिपके थरथरायला लागले. इतकं सुंदर दिसलं की मी एकटीच, मोठ्यानं हसले. मग सवयीनं एक वीस पैशाचं उचललं, ते जुनं पितळी, कमळाचं, आणि उजेडाकडे धरून आकड्यांच्या खाली बघितलं. आकड्यांच्या खाली काही नव्हतं. आकडेही धड नव्हते. एकोणीसशेच्या पुढे नुसती गुळगुळीत चकाकी. कमळाच्या पाकळ्या एकमेकींत वाहून गेल्या होत्या, साबणाच्या वडीवरचं नाव वाहून जातं तशा. दुसरं घेतलं. तिसरं. मग मी पलंगावर सगळा डबाच ओतला आणि एकेक नाणं उलटंपालटं करत बसले, आणि माझं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कोणी तरी वाळत घालून विसरून गेल्यासारखं.

आकड्यांच्या खाली काय असतं? नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं त्याची खूण असते. हिऱ्यासारखी चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, काहीच नसलं तर कलकत्ता. टाचणीच्या डोक्याएवढी खूण, पण तिच्यामुळे हाटातून भाजीबरोबर आलेली चिल्लर एकदम कुठून कुठून आलेली माणसं होते. अमक्या वर्षी अमक्या टांकसाळीत थोडीच पडली, म्हणून ती दुर्मिळ. तेच नाणं, तोच राजमुद्रेचा सिंह, पण चांदणी आहे म्हणून त्याचा मान वेगळा. हे सगळं मला सक्सेना सरांनी शिकवलं. ते शाळेत इतिहास शिकवतात आणि शनिवारी संग्रह क्लब चालवतात, रविवारचं प्रदर्शन त्याचंच. क्लबात पोस्टाची तिकिटं जमवणारी मुलंच जास्त, नाण्यांची मी एकटी मुलगी. सरांचा पहिला नियम, जो त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, तो असा की नाणं कधी घासायचं नाही. चिंचेनं नाही, राखेनं नाही, टूथपेस्टनं तर मुळीच नाही. “मैल नहीं है बेटा, उसकी चमड़ी है,” असं सर म्हणतात. “तीस साल लोगों के हाथ लगे हैं, तब जाके चढ़ी है. उतार दी तो फिर क्या बचा? धातु बचा. धातु तो कबाड़ी के पास भी है.” मी हा नियम बाबांना सांगितला नव्हता. सांगायचं सुचलंच नव्हतं. आता पलंगावरच्या त्या झगमगीत ढिगाकडे बघताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते जरा विनोदीच होतं, की आता ही सगळी नाणी कलकत्त्याची झाली.

हा खेळ आमचा, म्हणजे आईचा आणि माझा. सुरू झाला तो कंटाळ्यातून. आई पलंगाला खिळली होती, पोटाचं दुखणं, औषधांनी डोळ्यांपुढे अंधारी यायची म्हणून वाचता येत नव्हतं, आणि रेडिओ ऐकून ऐकून ती विटली होती. लग्न होऊन ग्वाल्हेरहून कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये आल्यापासून हाटातून उरलेली चिल्लर ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत आली. माहेराहून आलेले काही तांब्याचे पैसेही त्यात होते, शिंदे सरकारचा पाव आणा, भोकाचा पैसा, असले. डबा भरला की ती त्यातले वरचे खर्चायची आणि तळातले तसेच राहायचे. तर मी तो डबा तिच्या चादरीवर ओतला आणि सरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, “अगोबाई, म्हणजे मी एवढी वर्षं मुंबई-हैदराबाद पदराला बांधून फिरत होते की काय!” दिसत तर नव्हतं तिला धड, मग तिनं बोटानंच सुरू केलं. अंगठा कडेवर आणि तर्जनीचं टोक आकड्यांवर, डोळे मिटून, मान जरा तिरकी, तांदळातला खडा चाचपावा तशी. “हैदराबाद,” म्हणायची. मी विचारायची, कशावरून? “कशावरून काय, टोचली चांदणी.” बघावं तर खाली काहीच नाही, कलकत्ता. “मग पुसली गेली असेल गं. हैदराबादचीच होती. मी तिला ओळखते.” आई बहुतेक वेळा चुकायची आणि चुकली की भांडायची, आणि भांडताना तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग यायचा, म्हणून मी मुद्दाम तिला कठीण नाणी द्यायची. तासाभरात तिची बोटं काळी व्हायची. नाण्यांचा काळा मळ आणि तिच्या हाताला नेहमी लागलेली हळद, कारण आजारपणातही ती बसल्या बसल्या भाजी निवडायची, मिरच्यांना मसाला भरायची. चादरीवर, उशीच्या अभ्र्यावर, माझ्या फ्रॉकवर तिची बोटं उमटायची. बाबा दुपारच्या शिफ्टला निघायच्या आधी चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. “काय धंदा लावून राहिल्या माय-लेकी?” ते नागपूरचे, तसंच बोलतात. आई म्हणायची, “या नं, बसा. तुम्हालाही एक शहर देते.” बाबा कपाकडे बघायचे. “भोंगा होईल आता,” म्हणायचे, आणि जायचे. भोंग्याला अजून पुष्कळ वेळ असायचा.

ती गेली त्या दुपारी घरी मी एकटी होते. शेजारच्या शकुंतलाकाकू कारखान्यात फोन लावायला म्हणून पलीकडच्या क्वार्टरमध्ये गेल्या होत्या आणि लाइन लागत नव्हती. बाबा सायकलवरून आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, कपाळाला ग्रीस. दारात त्यांनी बूट काढले, भिंतीला लावून नीट जोडीनं ठेवले, आणि मला विचारलं, “डॉक्टर येऊन गेले?” मी हो म्हटलं. तेवढंच. त्यानंतर त्यांनी मला त्या दुपारबद्दल काही विचारलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, नागपूरहून आलेले सगळे परत गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो तेव्हाही नाही. मी आईचं नाव काढलं की ते उठतात, मागच्या अंगणात जातात आणि कढीलिंबाला पाणी घालतात. त्या झाडाच्या मुळाशी आता कायम चिखल असतो. त्या दुपारी आई काय बोलली, कशी होती, माझ्याकडे आहे ते. इतकं काही मोठं नाही, पण ते बाबांचं आहे असं मला वाटतं, माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं. आणि ते मागितल्याशिवाय देता येत नाही. मी दोनदा प्रयत्न केला. शब्द तोंडापर्यंत येतात, आणि बाबा बादली उचलतात.

म्हणूनच कदाचित मी बाकी सगळीकडे बोलायला लागले. या वर्षात मी इतकी बोलायला लागलेय की माझी मलाच कधी कधी ओळख पटत नाही. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीला “प्रेझेंट” म्हणताना माझे कान लाल व्हायचे. आता प्रार्थनेनंतर बातम्या मी वाचते, माइक नसला तरी माझा आवाज सायकल स्टँडपर्यंत जातो. पावसाळ्यानंतर हिंदी वादविवादात मी पहिली आले, विरुद्ध बाजूचा मुलगा बोलताना माझ्याकडे बघून वाक्य विसरला, आणि मला त्याची दया यायच्या ऐवजी मजा वाटली! सायकलवरून उतारावर मी हँडल सोडून येते. मोठ्यानं हसते. दूध घ्यायला रांगेत उभी होते तर पुढे शकुंतलाकाकू कुणाला तरी सांगत होत्या, “वर्ष नाही झालं हो आईला जाऊन. आणि पोरगी पाहा. मी म्हणते, रडू नको, पण इतकं खिदळावं?” मी मागूनच म्हटलं, “काकू, तुमची पिशवी गळतेय.” ती खरंच गळत होती. रांगेतले सगळे हसले, काकूही हसल्या, आणि घरी येईपर्यंत मी जिंकल्याच्या आनंदात होते. पण ते वाक्य आत कुठं तरी जाऊन बसलं. रात्री कूस बदलली की टोचतं. कारण खरंच आहे ते. आई होती तेव्हा मी मिणमिणती होते आणि आई गेल्यावर मी चमकायला लागले. म्हणजे ती असती तर मी अशी झाले नसते का? मग मला कोण हवंय, ती की ही मी? असले प्रश्न वादविवादाला ठेवत नाहीत.

दाराची कडी वाजली. बाबांची सकाळची शिफ्ट होती, ते चारच्या सुमाराला येतात. मला पलंगावर नाण्यांच्या ढिगात बसलेली पाहिलं आणि बाबा चक्क हसले. हसताना त्यांचा चेहरा कसा दिसतो हे मी विसरले होते; डाव्या गालाला खळी पडते त्यांच्या. खांद्यावरची पिशवी न काढताच ते जवळ आले.

“पाहिलं का? मी म्हटलं होतं का तुला काही? गुपचूप नेली सकाळी. डब्यासकट. अन् तू शाळेतून यायच्या आत सायकलनं येऊन परत ठेवून गेलो.”

मी हातातलं नाणं उलटं केलं.

“मंत्री येणार असले नं कारखान्यात, तर आम्ही काय करतो? रेलिंगला रंग, फरशीवर चुना, आणि पितळेचं जे जे असेल त्याला बफ, म्हणजे चाकावर घासून चकाकी. नेमप्लेट, व्हॉल्व्ह, घंटा. नुसती चमकून राहते सारी वर्कशॉप. म्हटलं, कल्पूचं प्रदर्शन आहे. काळीकुट्ट नाणी कोण पाहील? तिवारी म्हणाला, दादा, लाओ, मैं कर देता हूँ. मी म्हटलं, नाही रे.” त्यांनी ढिगातला एक पाव आणा उचलला आणि खिडकीकडे धरला. “हे बघ नं. सोन्यासारखं दिसून राहिलं की नाही?”

त्या पाव आण्यावर राजाचा चेहरा होता. आता राजाला नाक नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं, “ही मेली.”

“काय?”

“नाणी. मेली ही. यांच्या खुणा गेल्या. साल गेलं. आता या नुसत्या चकत्या आहेत. घासायचं नसतं! जगातल्या कुठल्याही संग्रहाचा पहिला नियम आहे, घासायचं नाही. कुणालाही विचारा. तुम्ही मला विचारायचं तरी!”

बाबांच्या हातातला पाव आणा तसाच उजेडात धरलेला. “अगं, पण चमकायला लागली नं...”

आणि मग माझा तो आवाज निघाला. सायकल स्टँडपर्यंत जाणारा. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, पण वाक्यं चांगली होती, एकामागून एक, श्वास कुठे घ्यायचा ते मला बरोबर कळत होतं, जणू समोर घंटी घेऊन परीक्षक बसलेत. साड्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकल्या. तिचा पलंग उभा करून मागच्या खोलीत टाकला. चादर धोब्याला दिली, मी नको म्हणत होते तरी. घराला चुना काढला. “एक डबा राहिला होता. त्यात तिची बोटं होती, बाबा. तो काळा रंग तिच्या हातांचा होता. तुम्हाला आईचं काहीच ठेवायचं नाहीये या घरात. पुसायचंय तुम्हाला तिला!” शेवटच्या वाक्यावर मी थांबले. वादविवादात तिथे टाळ्या पडल्या असत्या.

बाबांनी पाव आणा ढिगावर ठेवला. टाकला नाही, ठेवला, आवाज होऊ नये असा. पिशवी खुंटीला लावली. मग मागच्या दाराकडे गेले आणि थोड्या वेळानं अंगणातला नळ सुटल्याचा आवाज आला.

मी तिथेच बसून राहिले. छतावरचे ठिपके आता सरकत भिंतीवर आले होते. नाण्यांना वास येत होता, कसला तरी मेणकट, तेलाचा, बाबांच्या कपड्यांना येतो तो. मी डब्यात नाक घातलं. डबा मात्र त्यांनी घासला नव्हता, तळाच्या कोपऱ्यात थोडी काळी भुकटी होती, पण तिलाही आता तोच वास. मी भुकटीत बोट घातलं आणि एका कमळावर चोळलं. बोट काळं झालं, कमळ झालं नाही; त्याला काही चिकटतच नव्हतं. मी थुंकी लावून चोळलं, केसांतलं तेल लावून चोळलं, मग कुंडीतली माती. पुसलं की पुन्हा चकाकी, निर्लज्ज. हे करताना मला माझंच हसू यायला लागलं, आणि एका नाण्यात माझा चेहरा होता, मातीच्या मागून, दात दिसणारा. मी ते उपडं केलं.

पुढच्या दारातून शकुंतलाकाकू वाटी घेऊन आल्या. “कढी केली होती. अगं बाई! हे काय सोनं काढलंस की काय घरात?”

“बाबांनी चमकवली.”

“छान केलं भाऊजींनी. काळं ठेवू नयेच घरात.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, एक नाणं हातात घेऊन खाली-वर केलं, आणि एकदम माझ्याकडे पाहिलं. “ओरडत होतीस कोणावर? माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.”

“प्रदर्शनाची तयारी.”

“हं. प्रदर्शनात आईबद्दल बोलणार का?” काकू तशा खवचट, पण हे त्यांनी खवचटपणानं विचारलं नव्हतं. मी हातातलं नाणं डब्यात टाकलं. काकूंनी माझ्या गालावरची माती पदरानं पुसली, जरा जोरातच, आणि “वाटी उद्या दे” म्हणत निघून गेल्या.

दिवेलागणीला मी कुकर लावला. वरण-भात, काकूंची कढी, सकाळची भेंडी. बाबा अंगणातून आले ते पाय धुऊन सरळ पाटावर बसले. मी वाढलं, समोर बसले. आम्ही जेवताना बोलत नाहीच, त्यामुळे भांडण आहे की नाही हे बाहेरच्याला कळलं नसतं. बाबांनी भातावर वरण घेतलं, तूप घेतलं, हात ताटाकडे नेला आणि तसाच मागे घेतला.

“चमचा आहे का गं एखादा?”

बाबा कधी चमच्यानं जेवत नाहीत. कारखान्याच्या कँटीनमध्ये सुद्धा नाही. चमच्यानं जेवलं तर अन्न परकं लागतं, असं त्यांचं मत. मी चमचा आणून दिला. त्यांनी तो घेतला तो कसा, तर दोन बोटांच्या मधल्या पेरांत, विडी धरतात तसा. बोटांची टोकं कशाला लागू न देता. मी वाकून पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, उजव्या हाताची आणि डाव्याचीही. टोकांची कातडी पांढरी होऊन फुगलेली, दोन ठिकाणी फुटून आत लाल.

“हे काय झालं?”

“काही नाही. तापतात ती.”

“काय?”

“नाणी. कापडाचं चाक असतं, जोरात फिरतं, त्यावर दाबून धरावं लागतं. तापतात.”

“मग हातमोजे नाही घालत?”

“चाकाजवळ हातमोजा घालत नसतात, बेटा. धागा अडकला की हात ओढून घेते. बोटांनीच धरावं लागते. मोठा जॉब, मोठा तुकडा असला तर ठीक, हे एवढंसं नाणं, धरायला जागाच नाही.” चमच्यातला भात सांडला. त्यांनी पुन्हा भरला. “जेवणाच्या सुट्टीत केली. सुट्टी पुरली नाही, मग मागून वेळ घेतला थोडा.”

“तिवारी अंकल करून देत होते ना?”

“त्यानं सारी एकदम ड्रममध्ये टाकून फिरवली असती.” बाबा चमच्याकडेच बघत होते. “मला एकेक हातात घ्यायची होती.”

कुकर कधीच निवला होता. मला त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ लावायचा नव्हता. मला तो लागत होता आणि मी त्याला थांबवत होते. एकेक नाणं. आईनं चाचपलेलं, काळं, एकेक. त्याच जागी बाबांचा अंगठा, त्याच कडेला तर्जनी. आणि चाक.

“खरं सांगू का,” बाबा म्हणाले, “प्रदर्शनाचं तर होतंच. पण तू शाळेत गेली की मी कधी कधी तो डबा काढतो. काढत होतो. झाकण उघडलं की तिच्या हाताचा वास यायचा. हळद, आणि ते तांब्याचं काय असते ते. तुला बरं वाटत असेल त्यानं. मला नाही वाटत. मला असं होते की आता हाक मारीन आणि...” त्यांनी चमचा ताटाच्या कडेला टेकवला. “आज घासताना वाटलं, जाऊन राहिलं. बरं वाटलं. मग शेवटच्याला वाटलं, अरे, गेलं. तू म्हणाली ते खोटं नाही, कल्पू. पुसतच होतो मी.”

मला वाटलं होतं, बाबांनी असं कबूल केलं की मी जिंकेन. इतके महिने मी हेच तर ऐकायला थांबले होते, की होय, मी तिला पुसतोय. आता ते समोर होतं, भाताच्या वाफेत, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मला त्यांना सांगावंसं वाटलं की मीही हसले, झाकण उघडल्यावर, आधी हसले. की मलाही चमकलेलं आवडतं, बाबा, मी तर वर्षभर तेच करतेय. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. “दुखतंय का?”

“मिरची लागली की.”

“मग भेंडी नका खाऊ.”

“नाही खात.”

मी उठून ताकाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली. त्यांनी उजव्या हाताची बोटं सरळ ताकात बुडवली, औषधात बुडवावी तशी, आणि डोळे मिटले. असं ताकात बोटं घालून बसलेल्या माणसाला बघून एरवी मी खो खो हसले असते. मी बघत राहिले. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस मला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसले. ते उठतील असं मला वाटलं. पाय हलले त्यांचे, पाट करकरला. मागच्या दारापाशी बादली होती. पण ते बसूनच राहिले, डोळे मिटलेले, बोटं ताकात.

“त्या दिवशी,” बाबा म्हणाले.

मी वाढायचा डाव खाली ठेवला.

“पाणी मागितलं होतं का गं तिनं?”

हा प्रश्न? इतके महिने, हा? मी किती तरी प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती, घोकून, पाठ करून, पण हा मला कधी सुचलाच नव्हता. आणि मग मला दिसलं की सायकल मारत येताना, कपाळाला ग्रीस असताना, बूट जोडीनं लावताना, दहाव्याला नदीत उतरताना, झाडाला पाणी घालताना, रोज घालताना, त्यांच्याकडे हा एकच प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ असलं तर काय, या भीतीनं त्यांनी तो विचारला नव्हता.

“मागितलं,” मी म्हटलं. माझा आवाज इतका हळू निघाला की तो ताटापलीकडेही गेला नसता. “मी दिलं. चमच्यानं.”

“प्यायली?”

“प्यायली. थोडं गळ्यावर सांडलं, मी पुसलं. म्हणाली, गार आहे. माठातलं होतं ना, म्हणून. पुन्हा दिलं तर म्हणाली, बस.”

“बस म्हणाली.”

“हो.”

“तहान राहिली नव्हती म्हणजे.”

“नाही, बाबा.”

त्यांनी डोळे उघडले. बोटं ताकातून काढली, पण पुसली नाहीत, हवेत तशीच धरली, आणि ताक त्यांच्या मनगटावरून ओघळत बाहीत गेलं. नाकातून एक लांब श्वास निघाला, जड काही तरी खाली ठेवल्यावर माणसाचा निघतो तसा. मग त्यांनी पाट माझ्याकडे थोडा ओढून घेतला.

“आणखी सांग,” बाबा म्हणाले. “पहिल्यापासून सांग. काकू फोनला गेली, तिथून.”